पहिलीच्या वर्गाचा पट आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाने आम्हांला शिक्षण या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे आम्ही कारकून. परंतु कारकुनाला एक सवय असते. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीत तो आधी आकडा पाहतो, मग त्या आकड्याची बेरीज जुळते की नाही ते पाहतो. त्याच सवयीने आज आम्ही प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांकडे पाहणार आहोत. एका वर्गात मुले किती असावीत आणि वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकाच खोलीत बसली तर त्यांचे काय होते, एवढाच आजचा विषय आहे. विषय छोटा दिसतो, पण आपल्या समाजाच्या पुढच्या पिढीचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे.

आपले मंडळ दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करते. पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, पाकीट आणि टाळ्या. हे झालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण दहावीच्या व्यासपीठापर्यंत जे पोहोचलेच नाहीत त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत? ती मुले दहावीत नापास झाली असे आपण म्हणतो. आमच्या मते त्यांतील पुष्कळशी मुले दुसरी-तिसरीतच मागे पडलेली असतात. निकाल मात्र सात-आठ वर्षांनी लागतो.

हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच वर्षी सभासद म्हणून कौन्सिलात आले होते. त्या दिवशी त्यांनी सरकारी अहवालातील आकडे सभागृहापुढे ठेवले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथी इयत्ता गाठणारी मुले फक्त १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे आठच दिवसांनी ते महाडला चवदार तळ्यावर होते. पाण्याचा हक्क आणि पहिली ते चौथीची शाळा या दोन्ही गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकाच महिन्यातील कामे होती, हे आपण ध्यानात ठेवावे. त्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली होती.

आज परिस्थिती बदलली आहे. शाळेत नाव नसलेले मूल आता क्वचितच सापडते. पण नाव असणे आणि वाचता येणे यांत अंतर आहे. ग्रामीण भारतातील मुलांची घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाने २०२४ साली दाखविले, की सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजे चारातील एकालाही धड नाही. २०२२ मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीनंतर, हाच आकडा १६.३ पर्यंत खाली गेला होता. सुधारणा झाली, हे मान्य. पण बाबासाहेबांच्या काळी मूल शाळेबाहेर गळत होते, आज ते वर्गात बसून गळते, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

आता हिशोबाकडे वळू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. ८०० तासांची मिनिटे होतात ४८,०००. वर्गात ३० मुले असतील आणि शिक्षकाने सर्वांना सारखा वेळ द्यायचा म्हटले, तर एका मुलाच्या वाट्याला वर्षभरात येतात १,६०० मिनिटे, म्हणजे २६ तास ४० मिनिटे. वर्गात ६० मुले असतील तर तेच निम्म्यावर येते, १३ तास २० मिनिटे. पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत ६० मुलांना पस्तीस-पस्तीस सेकंद! आमच्या काउंटरवर पस्तीस सेकंदांत पासबुकदेखील भरून होत नाही. मग 'क' आणि 'फ' यांत गोंधळणाऱ्या सहा वर्षांच्या लेकराची पेन्सिल हातात धरून ते अक्षर गिरवून घ्यायला गुरुजींना वेळ कुठून मिळणार?

कोणी म्हणेल, शिक्षक काही एकेकाला शिकवत नाही, तो साऱ्या वर्गाला एकदम शिकवतो. वरच्या वर्गांत ते चालते. इतिहासाचा धडा साठांना काय आणि ऐंशींना काय, सारखाच ऐकू येतो. पण वाचायला शिकणे ही ऐकण्याची गोष्ट नव्हे. मूल अडते कुठे, काना विसरते की मात्रा, हातचा धरते की नाही, हे जवळ बसून पाहावे लागते. म्हणून पट कमी असण्याचे महत्त्व सर्वांत जास्त आहे ते पहिल्या दोन-तीन वर्षांतच.

याचा कसून केलेला प्रयोग जगात झाला आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे, बालवर्गापासून तिसरीपर्यंत, ७९ शाळांत तो चालला. पहिल्याच वर्षी सहा हजारांहून अधिक मुले त्यात होती. मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली, म्हणजे हुशार मुले एकीकडे आणि मागासलेली दुसरीकडे असे होऊ नये. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे, आणि काही २२ ते २५ मुलांचेच पण शिक्षकाला एक मदतनीस दिलेले. निष्कर्ष असा निघाला, की लहान वर्गातील मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. चौथीत ही मुले नेहमीच्या मोठ्या वर्गात परत गेली, तरी त्यांची आघाडी पूर्णपणे पुसली गेली नाही.

या प्रयोगातील एक गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. लहान वर्गाचा लाभ सर्वांना झाला, पण कृष्णवर्णीय मुलांना तो अधिक झाला. याचे कारण शोधायला दूर जायला नको. ज्याच्या घरी आई-वडील शिकलेले आहेत, शिकवणी लावलेली आहे, पुस्तकांचे कपाट आहे, त्याचे पट ६० असला तरी निभावते. ज्याच्या घरी वही पाहणारे कोणी नाही, त्याला शिक्षकाचे एकेक मिनिट मोलाचे असते. वर्गातील गर्दीचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. तो आधी मागच्या बाकावर बसणाऱ्याला होतो. आणि मागच्या बाकाचा अर्थ काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट अंथरून वेगळे बसलेल्या विद्यार्थ्याची आपण लेकरे आहोत.

परंतु मित्रहो, एवढ्यावरून 'पट कमी करा की झाले' असा निष्कर्ष काढला तर तोही घाईचा ठरेल. कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली एकदम सर्वत्र लहान इयत्तांचे वर्ग २० मुलांपर्यंत खाली आणण्याचे ठरविले. एकाच वेळी हजारो शिक्षक लागले. अनुभवी शिक्षक सुखवस्तू भागात निघून गेले आणि गरीब वस्त्यांच्या शाळांत पुरेसे प्रशिक्षण नसलेल्यांची भरती झाली. अपेक्षिलेला लाभ हाती आला नाही. दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. पश्चिम केनियात २००५ साली शंभराहून अधिक प्राथमिक शाळांना पहिलीसाठी एकेक जादा कंत्राटी शिक्षक दिला गेला. ऐंशीच्या आसपास असलेला वर्ग पंचेचाळीसच्या आसपास आला. एवढे करूनही जुन्या कायम शिक्षकांच्या वर्गात केवळ गर्दी कमी झाल्याने फारसे काही घडले नाही. उलट काही शिक्षकांची गैरहजेरी वाढली. पण ज्या शाळांत मुलांची वाटणी त्यांना काय येते ते पाहून केली, तेथे पुढची आणि मागची अशी दोन्ही मुले जास्त शिकली. कारण शिक्षकाला नेमके कोठून सुरुवात करायची ते कळले.

म्हणून पट किती हा प्रश्न अर्धाच आहे. त्या वेळात शिक्षक काय करतो आणि मूल जेथे आहे तेथून शिकवतो की पाठ्यपुस्तक जेथे आहे तेथून शिकवतो, हा उरलेला अर्धा.

आता दुसऱ्या टोकाकडे जाऊ. शहरात वर्ग भरून वाहतो, तर आपल्या गावाकडे पट आटतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ गाव खेड्यात आहे आणि आपले चुलते, भावकी, बहिणी अजून तेथे आहेत. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीची मिळून बारा-पंधरा मुले असतात. एक किंवा दोन शिक्षक असतात. एका खोलीत दोन किंवा चार इयत्ता बसतात. यालाच बहुवर्ग अध्यापन म्हणतात. बोलीत जोडवर्ग.

पुष्कळ पालकांना जोडवर्ग म्हणजे दुय्यम शाळा वाटते. पण कायदा उघडून पाहा. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच, असे कोष्टक त्यात दिले आहे. इयत्ता पाच आणि शिक्षक दोन. म्हणजे पट १२० च्या पुढे जाईपर्यंत प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळत नाही. जोडवर्ग हा अपवाद नसून तो कायद्याने गृहीत धरलेला नियम आहे! 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांचा पट साठाच्या आत होता. मग प्रश्न असा, की पाठ्यपुस्तके, वेळापत्रक आणि परीक्षा मात्र 'एक इयत्ता, एक शिक्षक' हे डोळ्यांसमोर ठेवून का आखली जातात? जे लाखो मुलांच्या रोजच्या वाट्याचे आहे, त्याची तयारी शिक्षकाकडून आधी करून घेतली पाहिजे.

येथे पुन्हा हिशोब करू. एक शिक्षक आणि चार इयत्ता. ८०० तासांचे चार भाग केले तर प्रत्येक इयत्तेला शिक्षकाचे २०० तास मिळतात. दोन शिक्षक असतील तर ४०० तास. उरलेले ६०० किंवा ४०० तास मूल वर्गातच असते, पण गुरुजी दुसऱ्या इयत्तेला शिकवत असतात. बहुवर्ग शाळेचे यशापयश या उरलेल्या तासांत आहे. त्या वेळात मुलाच्या हाती काही काम असेल, त्या कामाचा अर्थ त्याला कळत असेल आणि चुकले तर विचारायला शेजारी कोणी असेल, तर छोटी बहुवर्ग शाळा ही साठांच्या वर्गापेक्षा कितीतरी सरस ठरेल. आणि त्या वेळात 'फळ्यावरचे उतरवून घ्या' किंवा 'पाढे म्हणा' एवढेच असेल, तर पट बारा असूनही मूल कोरेच राहील.

आमच्या पिढीतील पुष्कळजण अशा शाळांतून शिकले. एका भिंतीकडे तोंड करून पहिली-दुसरी आणि दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून तिसरी-चौथी. पहिलीत बसून तिसरीची कविता आणि पाढे कानावर पडत, ते आपोआप पाठ होत. ज्याला लवकर येई तो पुढच्या ओळीत सरके. हा त्यातला लाभ. पण ज्याला येत नसे, तो चार वर्षे त्याच खोलीत बसून तसाच पुढे जाई आणि पाचवीत मोठ्या गावच्या शाळेत गेल्यावर उघडा पडे. लाभ आणि हानी दोन्ही त्या एकाच खोलीत होते. फरक पडे तो गुरुजींच्या पद्धतीने.

मोठ्या मुलाने लहानाला शिकवावे, ही पद्धत आपल्या देशाला नवी नाही. मद्रासच्या अनाथालयाचे काम १७८९ साली पाहू लागलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने तेथील देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिले. ती रीत त्याने आपल्या संस्थेत आणली आणि पुढे मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची पद्धत बसविली. १७९७ साली त्याने त्याविषयी लंडनमध्ये पुस्तक छापले. इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. पण त्या गाजण्यातच धोका होता. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले उरकता येतात, म्हणून राज्यकर्त्यांना ती आवडली. घोकंपट्टी वाढली आणि शिकवणारी मोठी मुले फुकटची मास्तरे बनली. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, की मोठ्या मुलाने लहानाला मदत करावी ती दोघांच्या शिक्षणासाठी, सरकारचा किंवा संस्थेचा खर्च वाचावा म्हणून नव्हे. चौथीतील मुलगी पहिलीतल्या भावाला गोष्ट वाचून दाखवते तेव्हा तिचेही वाचन पक्के होते. तीच मुलगी रोज दोन तास पहिलीचा वर्ग सांभाळत बसली, तर तिचे शिक्षण बुडते.

मिश्र वयाच्या मुलांचा खरा विचार महाराष्ट्रात कोणी केला असेल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग भावंडालाही घेऊन ये, असे त्यांनी सांगितले. तान्ह्यांना पाळणाघर, मधल्यांना बालवाडी आणि मोठ्यांना शाळा, असे एकाच आवारात उभे केले. मूल गुरे राखायला जाते, तर शाळाच कुरणावर नेली. वय आणि इयत्ता यांच्या चौकटीत मूल बसत नसेल, तर चौकट बदलायची, मुलाला हाकलायचे नाही, ही त्यामागची दृष्टी होती.

याच दृष्टीचे आजचे रूप आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे पाहायला मिळते. तेथील आसपासच्या छोट्या खेड्यांतील एकशिक्षकी शाळांसाठी 'शिक्षणाची शिडी' तयार झाली. संपूर्ण अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे केले. प्रत्येक टप्प्याचे कार्ड, त्यावर चित्राची खूण. मूल भिंतीवरच्या तक्त्यात आपली पायरी शोधते, त्या खुणेचे कार्ड स्वतः काढून घेते आणि त्यानुसार गटात बसते. एका गटाजवळ शिक्षक बसतो, दुसऱ्याला अधूनमधून मदत लागते, तिसऱ्या गटात मुले एकमेकांना मदत करतात, आणि काही मुले एकटीच काम करतात. मूल आठ दिवस आजारी पडले किंवा ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाबरोबर गेले, तरी परत आल्यावर जेथे थांबले होते तेथूनच सुरू करते. वर्ग पुढे निघून गेला, हा प्रकारच राहत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या त्या ६०० तासांना काम मिळाले. तामिळनाडूने २००३ साली चेन्नई महापालिकेच्या काही शाळांत ही पद्धत आणली आणि २००७-०८ मध्ये राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. कार्डे फाटली आणि नवी आली नाहीत, किंवा शिक्षक समजून न घेता केवळ खुणा भरत बसला, तर ही शिडीही निरुपयोगीच. पण रस्ता आहे, एवढे त्यातून सिद्ध होते.

आता एक नाजूक प्रश्न. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत न्यावे का? डिसेंबर २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचे समायोजन करण्याचा निर्णय झाला होता. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. त्या वेळी शासनाने दिलेला आकडा असा होता, की वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांत विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार करा. शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. हिशेबनीस म्हणेल, एवढा खर्च कशाला? आम्हीही हिशेबनीसच आहोत. पण ताळेबंदाला दोन बाजू असतात.

मोठ्या शाळेच्या बाजूने बोलायचे तर तेथे सोबती मिळतात, खेळ होतात, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय असू शकते. तीनच मुलांच्या शाळेत खेळणार कोण आणि भांडणार कोण? हे खरे आहे. ज्या ठिकाणी चांगली गाडी आहे, रस्ता आहे, तेथे थोड्या मोठ्या मुलांसाठी तो पर्याय हिताचाही ठरेल. पण पहिली-दुसरीच्या मुलाचे गणित वेगळे आहे. राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते उगीच नव्हे. पावसाळ्यात ओढा भरला, गाडी आली नाही, की पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी. त्यातही वस्ती गावाबाहेर असेल तर तिची. म्हणून शाळा बंद करण्याच्या ठरावावर आपल्या गावात कोणी सह्या मागितल्या, तर आधी विचारावे, गाडीचा खर्च किती वर्षे मिळणार, हे लेखी कोण देणार, आणि सहा वर्षांच्या मुलांसाठी काय सोय? उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नये. आणि शाळा टिकवायची तर नुसता मोर्चा काढूनही भागणार नाही. त्या दोन शिक्षकांच्या हातात बहुवर्गाचे साहित्य आहे का, त्यांना प्रशिक्षण मिळाले का, इतर कामांत त्यांचे किती दिवस जातात, हेही विचारावे लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. हा आपला हक्क आहे. समितीच्या रजिस्टरवर केवळ अंगठा किंवा सही करून परत येणे म्हणजे खाते असून व्यवहार न करण्यासारखे आहे.

शहरातील आपल्या बंधू-भगिनींनाही दोन शब्द. आपण पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. पाटी चकचकीत, गणवेश टायसह. पण प्रवेशाच्या वेळी आपण फी किती, बस आहे का, एवढेच विचारतो. पहिलीच्या एका तुकडीत मुले किती, वर्गशिक्षिकेचे प्रशिक्षण झाले आहे का, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शाळा काय करते, हे तीन प्रश्न किती जण विचारतात? साठांच्या तुकडीत, घरी कोणी न बोलणाऱ्या भाषेत, पस्तीस सेकंदांच्या वाट्याने आपले मूल काय शिकणार, याचा विचार फी भरण्याआधी झाला पाहिजे.

आता प्रश्न उरतो, मंडळाने काय करावे? शिक्षकांची नेमणूक आपल्या हातात नाही. वर्गखोल्या आपण बांधू शकत नाही. पण मुंबईतच झालेले एक काम आपल्याला वाट दाखवते. 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांत बालसखी नावाचा उपक्रम चालविला. तिसरी-चौथीतील मागे पडलेली १५ ते २० मुले दररोज दोन तास वेगळी बसवायची आणि त्यांना मुळाक्षरे, वाचन, बेरीज-वजाबाकी शिकवायची. शिकवणारी बालसखी त्याच वस्तीतील, माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी त्याची काटेकोर तपासणी केली, तेव्हा या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. विशेष म्हणजे वर्गात मागे राहिलेल्या मुलांना, गर्दी कमी होऊनही, तेवढा लाभ झाला नाही. लाभ झाला तो ज्यांना त्यांच्या पायरीवरून शिकविले त्यांना. पदवीधर तज्ज्ञ नव्हे, वस्तीतल्याच ताईने हे केले.

म्हणून आमची मंडळाला नम्र सूचना अशी आहे.

पहिली गोष्ट, विहाराच्या सभागृहात रोज संध्याकाळी दोन तास पहिली ते चौथीच्या मुलांची अभ्यासिका सुरू करावी. एका ताईकडे १५ ते १८ पेक्षा जास्त मुले देऊ नयेत. बारावी झालेल्या आपल्याच मुली हे काम करतील, पण ते फुकट करून घेऊ नये. त्यांना दरमहा ठरलेले मानधन वेळेवर मिळावे. आपल्या लेकींच्या श्रमाला आपणच किंमत दिली नाही, तर बाहेर कोण देणार?

दुसरी गोष्ट, गट इयत्तेवरून पाडू नयेत. मुलाला अक्षर ओळखता येते का, शब्द वाचता येतो का, चार ओळींचा परिच्छेद वाचता येतो का, गोष्ट वाचता येते का, हे पाच मिनिटांत पाहता येते. त्यावरून गट करावेत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहून गट बदलावेत. गट बदलले नाहीत तर 'ढ' मुलांचा एक कायमचा कोपरा तयार होईल. कायमचे कोपरे आपण पुष्कळ सोसले आहेत, ते आपल्या हातून तरी तयार होऊ नयेत. मोठ्या मुलांनी लहानांना आठवड्यातून एकदोनदा गोष्ट वाचून दाखवावी, पण त्यांचा स्वतःचा अभ्यास आधी.

तिसरी गोष्ट, आणि ही कदाचित काहींना रुचणार नाही. गुणगौरव निधीतील अर्धी रक्कम या कामाकडे वळवावी. स्मृतिचिन्हे थोडी लहान होतील, हारांची संख्या कमी होईल. दहावीच्या विद्यार्थ्याचा मान त्याने कमी होणार नाही. उलट पुढील दहा वर्षांत त्या व्यासपीठावर चढणाऱ्यांची रांग लांबेल. बँकेत आम्ही रोज पाहतो, मुदत ठेव कच्च्या वयात ठेवली तर मुदतीअंती फळ मोठे मिळते. शेवटच्या वर्षी ठेवलेल्या रकमेवर व्याज नाममात्र असते. शिक्षणाचेही तसेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडेही मागणे आहे. तुमच्यातील प्रत्येकाने आपल्या घरातील, आपल्या चाळीतील एका दुसरी-तिसरीच्या मुलाला आज रात्री जवळ बसवून एक साधी गोष्ट वाचायला सांगावी. त्याला रागावू नये, हसू नये, फक्त ऐकावे. तो कुठे अडतो ते एका कागदावर लिहून मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. त्या कागदांवरून आपल्याला कळेल, की आपल्या वस्तीतील १९२७ सालचे ते १८ आणि ८२ आज किती आणि किती आहेत. तो आकडा हाती आला, की पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर बोलायला आम्ही पुन्हा उभे राहू.



जयभीम! जय भारत!